ज्या पिक्चरमध्ये कोणी मरत नसे

ऐंशीच्या दशकातल्या पिक्चरमध्ये शेवटी कोणी मरत नाही, असं मी परवापरवापर्यंत धरून होतो. हिरो वाचतो, हिरोईन वाचते, हिरोची आंधळी माय वाचते. व्हिलनलासुद्धा पोलीस जीपमध्ये घालून नेतात. मग सगळे घरी जातात आणि जेवायला बसतात. म्हणूनच ते दशक सगळ्यात भारी, असं मी आमच्या टपरीवर कितीदा छाती ठोकून सांगितलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. छाती ठोकायला तेवढं पुरतं.

टपरी राळेगावात, एसटी स्टँडच्या भिंतीला लागून आहे. तिथं आम्ही चौघं. एक गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले. एक कंडक्टर, एसटीतून रिटायर झालेला. तिसरा टपरीवाला, आमच्याहून वयानं लहान, पण पिक्चरचा आमच्याहून जास्त वेडा. आणि चौथा मी, जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, बोरे उचलून जन्म काढलेला हमाल. दुपारची गर्दी ओसरली की आमचं सुरू होतं. एक दशक घ्यायचं, प्रत्येकानं त्यातला एक पिक्चर मांडायचा, सांगायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या चिंध्या करायच्या. टपरीवर हाताची खुर्ची एकच आहे, बाकी सगळा बाक. ज्याचा पिक्चर टिकला त्याची ती खुर्ची, पुढचं दशक लागेपर्यंत.

प्रत्येकाचा काटा वेगळा. गुरुजी पिक्चरमध्ये संदेश शोधतात. ज्यात संदेश नाही तो पिक्चर त्यांच्या लेखी नापास. कंडक्टर म्हणतो, "ज्या पिक्चरच्या दिवशी शेवटची गाडी छतापर्यंत भरे, थो पिक्चर चांगला. बाकी तुमचं ज्ञान तुमच्यापाशी ठेवा." टपरीवाल्याला व्हिलन लागतो. व्हिलन दमदार नसेल तर तो साखर कमी टाकतो. आणि मी गोष्ट पाहतो. निदान ते सगळे असं समजत होते की मी पाहतो.

खुर्ची बहुतेक माझ्याकडेच असायची. कारण मी सांगायला लागलो की बारीकसारीक सगळं यायचं. हिरोईनच्या लुगड्याचा काठ कोणता, चिठ्ठी वाचताना तिचा कोणता हात थरथरला, विहिरीवर दोर कुठं घासला होता. गुरुजी म्हणायचे, "याचा डोळा म्हणजे कॅमेरा आहे." मी मान हलवून चहा प्यायचो.

खरं असं की मी त्यातला एकही पिक्चर पाहिलेला नाही. कापसाच्या सीझनमध्ये तंबू टॉकीज यायची आणि सीझनमध्येच जिन रातपाळीनं चालायचं. दोनेकदा गेलो तर सुरुवातीच्या नावांच्या पाट्या सुरू असतानाच घोरायला लागलो. पिक्चर पाहायची माझी बायको. ती कापूस वेचायला जायची. बाजाराच्या दिवशी वेचणीच्या बाया मिळून तंबूत जायच्या, आणि ज्या बायांना जमलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशी ओळीत वेचता वेचता गोष्ट सांगायची, हे काम माझ्या बायकोचं. संध्याकाळी मी जिनात जायला निघायच्या आधी तीच गोष्ट ती मला चुलीपाशी सांगे. गाणं आलं की म्हणे, "इथं गानं," आणि एक भाकर थापून तव्यावर टाके. भाकर फुगली की गाणं संपलं. पुढं गोष्ट.

टपरीवरच्या गप्पा सुरू झाल्या तेव्हा आम्ही दोघंही म्हातारे झालो होतो. सकाळी मी तिला विचारायचो, "थो फौजदारवाला कसा होता वं?" ती तांदूळ निवडता निवडता सांगायची. दुपारी मी ते टपरीवर आपलं म्हणून मांडायचो. तिला ठाऊक होतं. म्हणायची, "माह्या पिक्चरवर तू खुर्चीत बसतं, मले काय भेटते?" मी म्हणायचो, "तुले मी भेटलो ना." ती म्हणायची, "थेच तं म्हनून राह्यली."

ती याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेली. दम्यानं. तिच्या पुण्यानुमोदनाला तिघंही आले होते. कंडक्टरनं पंगतीत वाढलं, गुरुजी विहाराच्या पायरीवर माझ्याजवळ बसून राहिले. नंतर महिनाभर मी टपरीकडं फिरकलो नाही. मग घरात भिंती खायला उठल्या म्हणून जायला लागलो. विचारायला आता कोणी नव्हतं. डोक्यात जे उरलं होतं त्यावरच भागवायचं होतं.

या पावसाळ्यात फिरून ऐंशीचं दशक लागलं. मी नावाड्याचा पिक्चर काढला. पिक्चरचं नाव इथं लिहीत नाही, लिहिलं तर तुम्हीही मोबाईल काढाल. गोष्ट अशी की नदीकाठी एक नावाडी असतो, त्याची बायको पल्याडच्या गावची. सावकाराची माणसं मागं लागतात, नदीला पूर, आणि दोघं अंधारात नाव घालतात. बायकोनं सांगितलेल्या साऱ्या पिक्चरमध्ये हा मला सगळ्यात जास्त आवडायचा. ती गेल्यावर तर मी तो मनात किती वेळा काढला असेल. म्हणून त्या दिवशी मी चांगला रंगून सांगितला. शेवटाला आलो.

"अन मंग नाव पल्याड लागते," मी म्हणालो. "हिरोईन लुगड्याचा पदर पिळते. थो तिले म्हनते, भूक लागली का? दोघं गोट्यावर बसतेत अन भाकर-ठेचा खातेत. खतम."

कंडक्टरनं कप खाली ठेवला. "कोन खाते भाकर-ठेचा?"

"हिरोईन."

"दादा, थे तं बुडते."

"कोन बुडते?"

"हिरोईन. नाव उलटते ना अर्ध्यातच. माह्या गाडीत बाया रडत बसल्या होत्या, तिकिटाचे पैसे द्यायची सुद नव्हती कोनाले."

गुरुजी हसायला लागले. "एवढी गोरीगोमटी नटी, तिला ठेचा तिखट नाही लागला? पाणी तरी दे बाबा तिला. नाही, पाणी बाजूलाच होतं म्हणा."

टपरीवाला भांडं घासत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, मी व्हिडिओवर पाह्यला थो. बाई मरते."

मी म्हणालो, "तुमी सगळे झोपले असान."

"झोपायचं काम तुमचं नाही ना बावा," कंडक्टर म्हणाला. "तुमचा तं डोळा कॅमेरा हाय."

मग गुरुजींनी हसणं थांबवलं आणि चष्मा काढला. शाळेत पोराला उभं करण्याआधी काढत असतील तसा. म्हणाले, "एक बोलू का? तुझ्या पिक्चरात कधी कोणी मेलेलं मी ऐकलं नाही. मागच्या खेपेचा तो फौजदाराचा. त्याचा बाप मरतो त्यात. मी तेव्हा गप्प बसलो, म्हटलं आपल्यालाच आठवत नसेल. आता सांग, तू हे पिक्चर पाहिलेत कुठं?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. विसरलो असेन म्हणून बाकावर सरकलो असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तो शेवट तिच्या तोंडचा होता. ही तिघं म्हणत होती ते खरं धरलं तर ती खोटी पडत होती. जाऊन वर्ष व्हायचं आहे, आणि तिला खोटी पडू द्यायची? मी ताडकन उठलो.

"काढ मोबाईल," मी टपरीवाल्याला म्हणालो.

आमच्या टपरीवर मोबाईल काढायची बंदी आहे. गुरुजींचाच नियम. पिक्चर संपल्यावर माणसाच्या डोक्यात जे उरतं तेवढंच खरं, असं ते म्हणतात. त्यांनी हात वर केला. "जाऊ दे. कशाला उगाच."

"नाही," मी म्हणालो. "निंघालंच पाह्यजे."

टपरीवाल्यानं हात पुसले, पिक्चर शोधला, शेवटाकडं सरकवला आणि मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. आम्ही चौघं वाकून पाहायला लागलो. मी तो पिक्चर जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. लुगड्याचा काठ तिनं सांगितला तसाच होता. पूर तसाच. नावाड्याच्या कपाळावरची जखमही तशीच, उजवीकडं. मला वाटलं, आता पाहा म्हणावं. आणि नाव उलटली.

बाईचा हात एकदा वर आला. मग आला नाही. नावाडी एकटा काठाला लागला आणि चिखलात गुडघ्यावर बसून पाण्याकडं पाहून हाका मारायला लागला. टपरीवाल्यानं आवाज कमी केला. माझ्यासाठीच केला असेल.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कंडक्टर हळूच म्हणाला, "मंग दादा, तुमी पाह्यलाच नाही हा पिक्चर?"

मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "माह्या बायकोनं सांगतला होता. थे अडानी बाई. तिले काय समजते पिक्चरमधलं. झोपली असंल तंबूत अन मले काहीबाही सांगून फसवलं जन्मभर."

म्हणजे ज्या बाईला खोटी पडू द्यायची नाही म्हणून उठलो होतो, तिलाच पुढं करून मी मागं लपलो. तेही चारचौघांत, ज्यांनी तिची पंगत वाढली त्यांच्यासमोर. आणि अडाणी म्हणतो कोण, तर मी. ती सातवी पास होती. मी एसटीची पाटी अक्षरं जुळवत वाचेपर्यंत तिची वाचून झालेली असायची.

गुरुजींनी चष्मा घातला आणि रस्त्याकडं पाहायला लागले. मी छत्री विसरून घरी आलो. भिंतीवर तिचा फोटो आहे. त्या दिवशी मी त्याच्याकडं पाठ करून जेवलो. दुसऱ्या दिवशीही. माणूस मेल्यावर त्याच्याकडं पाठ करायला आपल्याला लाज वाटते, आणि तोंड करायला त्याहून जास्त, हे मला तेव्हा समजलं.

गाव लहान आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. वेचणीच्या बायांची ती मुकादमीण होती, बाया गोळा करून वावरात न्यायची. माझ्या बायकोला बहीण मानायची, म्हणून मला भाऊजी. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्यावर बसली आणि काठी आडवी ठेवली.

"काय म्हनले तुमी टपरीवर, भाऊजी?"

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि पोतं टाकून बसलो.

"माही बहीन झोपे तंबूत, अस्सं म्हनले?"

"पिक्चरमंदी बाई मरते, बाई. मी डोळ्यानं पाह्यलं. इनं मले जित्ती सांगतली."

"हाव. मरते. मी होती ना तिच्या बाजूले. पदर तोंडात कोंबून रडली थे. घरापावतर रडत आली."

"मंग?"

म्हातारीनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पोत्यावरून उठून जमिनीवर बसलो.

"भाऊजी, तुमी जन्म जिनात काढला. तुमाले कापसाची गठान माहीत, वावर माहीत नाही. उभ्या पिकात मरन नाही सांगत. बोंड फुटून राह्यलं अन त्याच्यापाशी उभं राहून कोनी मेलं म्हनाचं? आमच्या जुन्या बाया अशा बोलनारीले ओळीतून काढून देत. कोनाच्या घरी मयत झाली तरी वावराबाहेर धुऱ्यावर येऊन सांगाचं, ओळीत नाही. मंग पिक्चर कसा सांगाचा? त्याच्यात तं दर घडीले कोनी ना कोनी मरते."

"म्हनून बदलवे?"

"मंग काय. तंबूतून घरी येता येता इचार करत ये. मले म्हने, बाई, याले कसा वाचवू वं? फौजदाराचा बाप वाचवाले तिले लय जड गेलं. त्याले तं गोयी लागली होती छातीत. दुसऱ्या दिवशी म्हने, बटव्याले लागली. सुपारीचा अडकित्ता होता बटव्यात." म्हातारी हसली. मग हसू आवरलं. "आमच्यात एक बाई होती, तिचा लेक नाल्याच्या पुरात गेलता. नावाड्याचा पिक्चर सांगाच्या दिवशी थे माह्या बहिनीच्या बाजूच्याच ओळीत होती. म्हनून थे दोघं पल्याड लागले. भाकर-ठेचा त्या बाईच्याच फडक्यातला व्हय. दुपारी तिनं माह्या बहिनीले देल्ला, बहिनीनं पिक्चरमंदी टाकला."

मी मग विचारलं, "वावरात बदलला थे ठीक. मले काहून नाही सांगतला खरा? घरात कोठं पीक उभं होतं?"

"मी इचारलं होतं तिले. म्हने, बाई, दिवसभर मरमर करून वाचवलं तिले. आता घरी जाऊन कायले मारू?"

काठी टेकून ती उठली. जाताना म्हणाली, "टपरीवर जाऊन सांगा. मी नाही येनार तुमच्या बुढ्यांत."

मला जायला आणखी काही दिवस लागले. गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. तिघंही बाकावर दाटीनं बसले होते आणि माझी छत्री खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती. मी खुर्चीत बसलो नाही. उभ्यानंच बोललो. म्हणालो, मी यातला एकही पिक्चर पाहिला नाही. सगळे तिचे आहेत. आणि ती झोपत नव्हती. मी त्या दिवशी तिच्याबद्दल जे बोललो ते घाण बोललो. मग म्हातारीनं सांगितलं ते सगळं सांगितलं. बटव्यातल्या अडकित्त्यापाशी टपरीवाला म्हणाला, "अरे बापरे, म्हनून थो बाप वाचला," आणि एकटाच हसला.

गुरुजी म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण स्पर्धेत शेवट बदललेला पिक्चर चालत नाही. तो बाद."

"गुरुजी, तुमी मानूस हाय का परीक्षेचा पेपर?" कंडक्टर म्हणाला.

"नियम म्हणजे नियम." गुरुजींनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पण ऐकायला बाद नाही. सांग पुन्हा, तिनं सांगितला तसा. त्या दिवशी आम्ही हसण्यात घालवला."

मी बाकावर बसलो आणि सांगायला लागलो. या वेळी माझा म्हणून नाही, तिचा म्हणून. म्हणजे सावकाराची माणसं आली तिथं तिनं चूल फुंकली होती, तेही सांगितलं. गाणं आलं तिथं "इथं गानं" म्हणालो आणि भाकर थापायला लागते तेवढा वेळ थांबलो. तेही थांबले. टपरीवाल्यानं गॅस बारीक केला. नाव पाण्यात घातली, पूर आला, आणि नाव पल्याड लागली. तिनं पदर पिळला. दोघं गोट्यावर बसले, फडकं सोडलं.

"अन थो तिले म्हनते," मी म्हणालो, "भूक लागली का?"

कंडक्टर पुढं झुकला होता. "मंग? थे काय म्हनली?"

मी तोंड उघडलं आणि तिथं काही नव्हतं.

ती काहीतरी म्हणायची. हिरोईन उत्तर द्यायची, आणि ते उत्तर सांगताना माझी बायको तव्यावरची भाकर उलटवत मान वळवून माझ्याकडं पाहायची, हे मला लख्ख आठवतं. तिचं पाहणं आठवतं. शब्द आठवत नाहीत. जिनाच्या भोंग्याची वेळ झालेली असायची, आणि मी घाईनं जेवत असायचो. पुढं म्हातारपणी तिनं तोच पिक्चर फिरून सांगितला, तेव्हा मी टपरीवर काय मांडायचं तेवढंच धरत होतो. लुगड्याचा काठ धरला, जखम धरली. ते उत्तर टपरीच्या कामाचं नव्हतं.

मुकादमिणीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, वावरात शेवट भाकर-ठेच्यावरच होई, पुढं काही नसे. म्हणजे ते उत्तर वावरातलं नव्हतं. ते घरीच, चुलीपाशी, मला एकट्याला सांगितलेलं होतं.

कंडक्टर अजूनही मधून मधून विचारतो, "आठोलं का दादा?" मी नाही म्हणतो. त्या दशकाची खुर्ची कोणालाच दिलेली नाही. गुरुजींचं म्हणणं, गोष्ट अर्धी आहे तोवर निकाल लावता येत नाही. आम्ही चौघं बाकावर बसतो, दाटीवाटीनं, आणि लोक त्या रिकाम्या खुर्चीवर पिशव्या ठेवतात.